पानाने पडद्याचं किती ऐकावं?

मे २०२३मध्ये मार्व्हलच्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन' मालिकेच्या २६व्या अंकात कमला खान मरण पावली. जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली ही मुलगी 'मिस मार्व्हल' या नावाने २०१४पासून स्वतःच्या मालिकेची नायिका होती. मरण मात्र तिला दुसऱ्याच्या मालिकेत आलं. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, ती एक्स-मेन या जन्मजात शक्ती असलेल्या नायकांच्या चमूच्या एका विशेषांकात जिवंत झाली आणि आपणही त्यांच्यासारख्याच 'म्युटंट' आहोत असं तिला कळलं. आदल्याच वर्षी डिस्ने प्लसवरच्या तिच्या मालिकेच्या शेवटच्या भागात नेमकं हेच सूचित झालं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये 'द मार्व्हल्स' हा तिचा चित्रपट यायचा होता. कॉमिक्समधली कमला मुळात 'इनह्यूमन' या वेगळ्या वंशाची. पडद्यावरच्या कमलेशी तिचं गोत्र जुळावं म्हणून तिला मारून पुन्हा जन्माला घातलं, असाच अर्थ असंख्य वाचकांनी लावला.

पडद्यावर नायक बदलला की पानावरचा नायकही बदलावा का? या पुस्तकातले सगळे लेख या एका प्रश्नाभोवती उभे आहेत. प्रश्न मुलांच्या करमणुकीचा वाटेल, पण तसा तो नाही. पाऊणशेहून अधिक वर्षं दर महिन्याला पुढे सरकणारी, शेकडो लेखक-चित्रकारांच्या हातांतून गेलेली एक गोष्ट आपली दिशा कुणाच्या सांगण्यावरून ठरवते, हा कलेचाच प्रश्न आहे.

मराठी वाचकासाठी तो आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेले वेताळ आणि मँड्रेक सोडले, तर आपल्याकडे यातले बहुतेक नायक आधी पडद्यावर भेटले. आयर्न मॅन आपल्याला रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या चेहऱ्याने ठाऊक आहे आणि वुल्व्हरिन ह्यू जॅकमनच्या. कॉमिक्समधला वुल्व्हरिन बुटका आहे, जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा, हे कळल्यावर आपल्यातल्या अनेकांना पान चुकल्यासारखं वाटतं. मुंबईच्या पवित्र प्रभाकरचंही तेच झालं. धोतरासारखा पोशाख घातलेला हा भारतीय स्पायडर-मॅन जीवन कांग यांनी रेखाटला आणि गॉथम कॉमिक्सने २००४मध्ये आणला. त्याला शक्ती दिली होती एका योग्याने. मुंबईतही तो फार थोड्यांना माहीत होता. २०२३च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने त्याला 'मुंबॅटन' नावाच्या शहरात आणलं, तेव्हा तो जगाला कळला, आणि त्याच वर्षी मार्व्हलने त्याची नवी कॉमिक्स मालिका काढली. पाहून आलेल्याला पान उघडल्यावर तेच दिसावं, ही अपेक्षा अशी आपल्या घरापर्यंत आलेली आहे.

या विषयावर बोलताना एक समज आधी बाजूला ठेवावा लागतो. कॉमिक्स म्हणजे शुद्ध मूळ आणि पडदा म्हणजे त्यात झालेली भेसळ, असं मानणारे वाचक पुष्कळ आहेत. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन १९३८मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो एक अष्टमांश मैल लांब उडी मारत असे. १९४०मध्ये त्याची रेडिओ मालिका सुरू झाली आणि १९४१मध्ये फ्लायशर स्टुडिओचे कार्टूनपट आले. पडद्यावर सतत उड्या मारणारा नायक विचित्र दिसत होता, म्हणून तो उडू लागला, आणि कॉमिक्सनेही ते उड्डाण आपलंसं केलं. 'डेली प्लॅनेट'चा संपादक पेरी व्हाइट आधी रेडिओवर बोलला, मग पानावर दिसला. सुपरमॅनला हतबल करणारा क्रिप्टोनाइट १९४३मध्ये रेडिओवर अवतरला, कॉमिक्समध्ये यायला त्याला १९४९ उजाडलं.

बॅटमॅनचंही तसंच. त्याचा सेवक आल्फ्रेड सुरुवातीला गुबगुबीत आणि काहीसा वेंधळा होता. १९४३च्या कोलंबियाच्या चित्रपट-मालिकेत विल्यम ऑस्टिन या सडपातळ, मिशीवाल्या नटाने ती भूमिका केली आणि थोड्याच काळात कॉमिक्समधला आल्फ्रेडही बारीक झाला. बॅटमॅनच्या गुहेची वाटही याच मालिकेतून निघते. पुढे १९६४मध्ये कॉमिक्सने आल्फ्रेडला मारून टाकलं होतं. १९६६ साली ॲडम वेस्टची दूरचित्रवाणी मालिका आली आणि तिच्यात आल्फ्रेड होता, त्यामुळे त्याला परत आणावं लागलं. त्याच मालिकेच्या निर्मात्यांना एक नायिका हवी होती. त्यातून बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल जन्मली, १९६७च्या आरंभी कॉमिक्समध्ये आली आणि त्याच वर्षी पडद्यावर झळकली. आज बॅटमॅनच्या जगातून आल्फ्रेड, गुहा आणि बार्बरा काढून टाकली, तर कट्टर कॉमिक्सप्रेमीच सर्वांत आधी तक्रार करेल.

म्हणजे घेणं-देणं पहिल्यापासून आहे. तेव्हा 'पडद्याकडून घ्यावं की नाही' हा वाद निकालात निघाला असं मी मानते. खरा प्रश्न असा की काय घ्यावं, कशासाठी घ्यावं आणि किती घाईने.

घेणं कसं असावं याचं माझ्या दृष्टीने सर्वांत चांगलं उदाहरण हार्ली क्विनचं आहे. ११ सप्टेंबर १९९२ रोजी 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज'च्या एका भागात पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी जोकरच्या टोळीत एक विदूषकी वेशातली मुलगी आणली. प्रेक्षकांनी तिला सोडलं नाही. १९९४मध्ये 'मॅड लव्ह' या कॉमिक्समध्ये याच दोघांनी तिचा भूतकाळ सांगितला. मनोविकारतज्ज्ञ हार्लीन क्विन्झेल जोकरवर उपचार करताना त्याच्या प्रेमात पडते आणि स्वतःला हरवून बसते. बॅटमॅनच्या मुख्य कॉमिक्सविश्वात तिला प्रवेश मिळाला तो १९९९मध्ये. मधल्या सात वर्षांत ती वाढली होती. तिला कुणी पानावर ढकललं नव्हतं, तिच्यासाठी पानावर जागा तयार झाली होती. जोकरचं क्रौर्य इतक्या जवळून सोसणारं माणूस आधी त्या जगात नव्हतं. तिच्यामुळे ते आलं.

त्याच कार्टून मालिकेने मिस्टर फ्रीझलाही नवा जन्म दिला. १९५९मध्ये कॉमिक्समध्ये आलेला हा खलनायक मूळचा 'मिस्टर झीरो', बर्फाची बंदूक घेऊन दरोडे घालणारा. 'फ्रीझ' हे नाव त्याला १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेने दिलं. पण त्याला हृदय दिलं ते १९९२च्या 'हार्ट ऑफ आइस' या भागाने. असाध्य रोगाने ग्रासलेली आपली पत्नी नोरा हिला गोठवून जिवंत ठेवणारा शास्त्रज्ञ, आणि तिच्यासाठी वेडापिसा झालेला गुन्हेगार. कॉमिक्सने ही कथा स्वीकारली, तेव्हा एका चिल्लर दरोडेखोराच्या जागी एक शोकांत पात्र मिळालं. इथे पडद्याने पानाला नवी वस्तू दिली नाही, वागण्याचं कारण दिलं. पात्राला आतून खोली देणारी गोष्ट कुठूनही येवो, ती घ्यावी, असं मी निःशंकपणे म्हणेन.

आता दुसरी बाजू. १९६२मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटर पार्करला घडवलं, तेव्हा त्याच्या अंगी कोळ्याची ताकद आली, पण जाळं फेकणारं यंत्र त्याने स्वतःच्या हुशारीने बनवलं. मनगटावरच्या त्या यंत्रात पीटर पार्कर पुरता सामावलेला आहे. तो गरीब आहे, बुद्धिमान आहे, आणि ऐन झटापटीत त्याचं जाळ्याचं रसायन संपू शकतं. सॅम रायमी यांच्या २००२च्या चित्रपटाने हे यंत्र काढून टाकलं आणि जाळं थेट मनगटातून सोडलं. दोन तासांत शाळकरी मुलाच्या असामान्य शोधावर प्रेक्षकाचा विश्वास बसवणं अवघड, ही त्यांची अडचण खरी होती. पण ती चित्रपटाची अडचण होती. कॉमिक्सला चाळीस वर्षांत ती कधी जाणवली नव्हती. तरीही २००४मध्ये एका कथेत पीटरचं कोळ्यात रूपांतर घडवून आणून त्याला शरीरातून जाळं सोडण्याची शक्ती देण्यात आली. तीन-चार वर्षांत ती शक्ती गुपचूप काढून घेतली गेली आणि यंत्रं परत आली. बोध यापुढे आहे. २०१२च्या चित्रपटात अँड्र्यू गारफिल्डच्या स्पायडर-मॅनने यंत्रच वापरलं, नंतर टॉम हॉलंडच्यानेही. ज्या पडद्यासाठी पान बदललं, तो पडदाच दहा वर्षांत जुन्या पानाकडे परतला.

एक्स-मेनच्या पोशाखांची कथा याहून वेगळी नाही. २०००च्या चित्रपटात त्यांनी काळं चामडं घातलं आणि पिवळ्या पोशाखाची एका वाक्यात खिल्लीही उडवली. पुढच्याच वर्षी ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'न्यू एक्स-मेन'मध्ये नायकांच्या अंगावर काळी जाकिटं आली. ती मालिका मोठी आहे, तिने म्युटंटांच्या शाळेला आणि त्यांच्या समाजाला नवं रूप दिलं, पण ते तिच्या विचारांमुळे, जाकिटांमुळे नव्हे. २००४मध्ये 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन'ने रंगीत पोशाख परत आणले, आणि २०२४मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये ह्यू जॅकमन पडद्यावर चक्क पिवळ्या पोशाखात उतरला. प्रेक्षकांना केवढा आनंद झाला! चोवीस वर्षांत पडदाही पानाच्या रंगावर येऊन थांबला होता.

दोन्ही उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. पडद्याची गरज तात्पुरती असते. नट बदलतो, दिग्दर्शक बदलतो, हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जातात आणि पाच-सात वर्षांत गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. पानाला तशी सुटका नसते. जे एकदा घडलं, त्याचं ओझं पुढच्या शेकडो अंकांना वाहावं लागतं. निक फ्युरी हे त्याचं बोलकं उदाहरण. १९६३चा मूळ फ्युरी गोरा, महायुद्धातला सार्जंट. २००२मध्ये 'द अल्टिमेट्स' या वेगळ्या विश्वातल्या कॉमिक्समध्ये मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांनी फ्युरी हुबेहूब सॅम्युएल एल. जॅक्सनसारखा काढला. २००८मध्ये 'आयर्न मॅन'च्या शेवटी जॅक्सननेच ती भूमिका केली. पानाने पाहिलेलं स्वप्न पडद्याने खरं केलं, इथवर सगळं सुंदर आहे. नंतर मुख्य कॉमिक्सविश्वातल्या गोऱ्या फ्युरीचं काय करायचं, हा पेच पडला. २०११-१२मध्ये 'बॅटल स्कार्स' या मालिकेतून त्याचा आजवर कुणालाच ठाऊक नसलेला कृष्णवर्णीय मुलगा समोर आला, त्याचा एक डोळा गेला, त्याने बापाचं नाव घेतलं आणि जागाही. पडद्यासाठी जन्मलेला फिल कोलसनही त्याच मालिकेतून पानावर आला. अल्टिमेट विश्वातला फ्युरी मोकळेपणाने सुचला होता. हा मुलगा हिशोबाने जुळवला गेला, आणि वाचकाला तो फरक कळतो.

कमला खानच्या बाबतीत मला वाटणारी खंत याच जातीची आहे. तिचं शरीर ताणलं जातं, मोठं होतं, आकार बदलतं. उंच, गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकांना पाहत वाढलेल्या सावळ्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल जे वाटतं, ते त्या शक्तीतून शब्दांविना सांगितलं जात होतं. पहिल्यांदा शक्ती मिळते तेव्हा ती नकळत कॅप्टन मार्व्हल या तशाच नायिकेचं रूप घेते, आणि पुढे स्वतःच्या रूपात नायिका व्हायला शिकते. पडद्यावर हे बदललं. तिथे पणजीची बांगडी आणि प्रकाशाची शक्ती आली, १९४७ची फाळणी आली. पडद्यावरची ती कथा हृद्य आहे, आणि आपल्या उपखंडाच्या जखमेला एवढ्या मोठ्या अमेरिकी मालिकेत जागा मिळाली याचं मोल मी कमी मानत नाही. दोन कमला दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत होत्या. तशाच त्या सांगत राहिल्या असत्या, तर आपण दोन्ही बाजूंनी श्रीमंत राहिलो असतो. समाधान इतकंच की पुनर्जन्मानंतरची तिची मालिका पडद्यावरच्या कमलेने, इमान वेलानीने, सबीर पिरझादा यांच्यासोबत लिहिली. इमान स्वतः कॉमिक्सची जुनी, मनापासूनची वाचक आहे.

हे का घडतं, हेही समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या या कॉमिक्सच्या पात्रांवर लेखकाची मालकी नसते. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला, तेव्हापासूनची ही रीत. डीसी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वॉर्नरच्या छत्राखाली आहे. मार्व्हलने १९९६मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि २००९मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरला तिची खरेदी ठरवली. एका चित्रपटावर जेवढे पैसे पणाला लागतात, त्यापुढे वीस-बावीस पानांच्या मासिक अंकाची कमाई किरकोळ दिसते. तेव्हा संपादकावर दबाव येतो, आणि दरवेळी तो कुणाच्या दुष्टपणाचा असतो असंही नाही. कधी त्यातून अनपेक्षितपणे चांगलं घडतं. १९९०च्या दशकाच्या आरंभी सुपरमॅनच्या लेखकांनी क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न ठरवलं होतं. तेवढ्यात 'लोइस अँड क्लार्क' ही दूरचित्रवाणी मालिका आकाराला येऊ लागली आणि दोन्हीकडचं लग्न एकदमच व्हावं म्हणून कॉमिक्समधलं लग्न लांबलं. मोकळ्या झालेल्या जागेत लेखकांनी सुपरमॅनला मारलं. नोव्हेंबर १९९२मधला तो अंक विकत घ्यायला अमेरिकेत दुकानांबाहेर रांगा लागल्या. लग्न अखेर १९९६मध्ये दोन्हीकडे लागलं. मालिका पुढच्याच वर्षी संपली, कॉमिक्समधला संसार मात्र कित्येक वर्षं चालला. ही गोष्ट पडद्याच्या बाजूने सांगितली जाते. पण नीट पाहिलं तर त्या लेखकांनी पडद्याची नक्कल केली नव्हती. रस्ता अडला तेव्हा त्यांनी पानावरच नवा रस्ता काढला.

जुळवून घेण्याच्या बाजूचा सर्वांत जोरकस युक्तिवाद नव्या वाचकाचा आहे. चित्रपट पाहून दुकानात शिरलेल्या मुलीला ओळखीचा नायक दिसला नाही, तर ती आल्या पावली परत जाईल. या युक्तिवादाचा मी आदर करते, कारण वाचकाविना कॉमिक्स मरेल. पण तिला बाहेर ठेवतो तो पोशाखाचा रंग नव्हे. बाहेर ठेवतात ते चार मालिकांत पसरलेली कथा, शेकडो अंकांचे संदर्भ आणि सुरुवात कुठून करावी हे न कळणं. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' १९८६-८७चं. २००८मध्ये त्याच्या चित्रपटाची झलक आली आणि पुस्तकाची मागणी इतकी वाढली की प्रकाशकाला मोठ्या प्रमाणावर नव्याने छपाई करावी लागली. २००९च्या चित्रपटाने शेवट बदलला, पुस्तकातली एक रेघही बदलली नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी वाचलं, आणि वेगळा शेवट सापडल्यावर त्यावर भांडलेही. संपूर्ण, सुरुवात आणि शेवट असलेलं पुस्तक हाती दिलं, तर नवा वाचक फरकाला घाबरत नाही. बहुतेकदा तो फरकासाठीच वाचतो.

आणि ज्यांना पडद्याचीच काळजी आहे, त्यांनीही पान मोकळं ठेवायला हवं. जिम स्टारलिन यांनी खलनायक थॅनोसला १९७३मध्ये एका आयर्न मॅनच्या अंकात आणलं. १९९१मध्ये त्याच्यावरचं 'इन्फिनिटी गॉन्टलेट' लिहिलं गेलं, तेव्हा त्यावर चित्रपट होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तो झाला २०१८मध्ये. कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी कित्येक दशकं मेलेलाच होता. एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी २००५मध्ये त्याला 'विंटर सोल्जर' म्हणून परत आणण्याचं धाडस केलं, आणि २०१४चा चित्रपट त्या धाडसावर उभा राहिला. माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन २०११मध्ये पानावर जन्मला, वाद झेलत मोठा झाला, आणि २०१८मध्ये 'इनटू द स्पायडर-व्हर्स'ने त्याला ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटाचा नायक केलं. पानावर एक लेखक आणि एक चित्रकार थोड्या पैशांत अख्खं विश्व उलथवू शकतात. फसलं, तर पुढच्या महिन्यात दुसरं करता येतं. कोट्यवधी डॉलर गुंतलेल्या चित्रपटाला ही मुभा कधीच नसते. कॉमिक्स हे पडद्यासाठी बियाण्याचं शेत आहे. तिथे फक्त यंदा बाजारात चाललेलं पीक लावायचं ठरवलं, तर दहा वर्षांनी पडद्यालाच पेरायला काही उरणार नाही.

पुढचे लेख वाचताना वाचकाने प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे. या बदलाने पात्राच्या आत काही नवं उघडलं का? तो चित्रपटाच्या तारखेवर बेतलेला होता, की गोष्ट तिथे पोचल्यावर घडला? आणि तो चित्रपट लोक विसरतील, तेव्हाही हा बदल कथेला हवा असेल का? हार्ली क्विन या तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होते. मनगटातून निघणारं जाळं एकातही होत नाही. मधे उभी असलेली निक फ्युरीसारखी उदाहरणं अवघड आहेत, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्च झाला आहे. तिथे लेखकांचे आपसात मतभेद आहेत. ते तसेच राहू दिले आहेत.

एक बोलणं मराठीत कॉमिक्स काढू पाहणाऱ्या तरुण लेखक-चित्रकारांशी. आपल्याकडे नायक सुचला की पहिला विचार वेबसीरिजचा होतो आणि पानं ही निर्मात्याला दाखवायची पूर्वतयारी ठरतात. कृपा करून असं करू नका. पानावर जे फक्त पानालाच जमतं, ते करा. चौकटीचा आकार बदला, काळ थांबवा, एका पानात वर्ष संपवा आणि दहा पानांत एक क्षण पसरा. नायक तिथे पक्का उभा राहिला, तर पडदा आज ना उद्या त्याच्याकडे येईल. तो आला म्हणजे त्याच्याकडून जे चांगलं मिळेल ते घ्या. पण त्याच्यासारखं दिसण्यासाठी आपला नायक बदलू नका. वाचकाला दोन्हीकडे तीच गोष्ट मिळू लागली, तर पान उलटण्याचं कारणच त्याला उरणार नाही.